न झिजणारं रबर

१

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं. पुलाच्या अलीकडचं वळण, पत्र्याचा बसथांबा. पाऊस मध्यम. गाडी बावीस वर्षांची, उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. आत दोन माणसं, मी आणि माझी बायको. बाहेर, बॉनेटला जवळजवळ चिकटून, एक माणूस.

वायपर एकदा गेला आणि परत आला. त्यानंतर बाहेर माणूस नव्हता.

त्याच दुपारी मी पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलो. टेबलामागच्या हवालदाराने नाव, पत्ता, वय सगळं लिहून घेतलं, आत जाऊन संगणकावर काहीतरी पाहून आला आणि कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाला, "साहेब, माणूस हरवायला आधी तो असावा लागतो."

असल्या टेबलांसमोर मी बत्तीस वर्षं भांडलोय. शाळेची भिंत कोसळली तेव्हा नोंद नव्हती. कारखान्याच्या पाण्याने अख्खी वस्ती आजारी पडली तेव्हाही नोंद नव्हती. प्रत्येक वेळी मी कुठून ना कुठून कागद काढला आणि त्यांच्या तोंडावर आपटला. या वेळी आपटायला कागद नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितो. सुरुवात रबरापासून करावी लागेल.

२

बायको आमच्या गाडीला 'म्हातारी' म्हणते आणि मला 'म्हातारीचा नवरा'. म्हातारीच्या खिडक्या हाताने फिरवायच्या, रेडिओला एकच स्टेशन लागतं, पण इंजिन अजून पहिल्या चावीत बोलतं. ती विकावी असं आम्हा दोघांच्या कधी मनात आलं नाही.

महिन्यातून एकदा तिला चाळीस किलोमीटर पळावंच लागायचं. पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात बायकोची तपासणी असायची. अकरा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तिच्या थोरल्या भावाने आपली एक दिली. तेव्हापासून सकाळी आठला गोळ्या, संध्याकाळी आठला गोळ्या. एक वेळही चुकवायची नाही. चुकली तर शरीर परकी किडनी ओळखतं आणि नाकारतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती.

हा भाऊ म्हणजे दादा. ती दादा म्हणते म्हणून मीही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला आणि निवृत्त झाल्यावर पुलाजवळच्या वळणावर राहायला गेला. आमच्या प्रत्येक फेरीला तो बसथांब्यावर उभा असायचा आणि मागच्या सीटवर येऊन बसायचा.

"माझा माल बरा चालतोय ना, तेवढं बघायला येतो," म्हणायचा.

"सेकंड हँड माल, त्यात वॉरंटी नाही," बायको म्हणायची. "चालतोय हेच खूप."

मग तिघंही हसायचो. दर महिन्याला, त्याच विनोदाला.

त्या पावसाळ्यातल्या दुसऱ्या फेरीला पुलावर पुढच्या ट्रकने चिखलाचं पाणी उडवलं. वायपर चालू होता. त्याने ते पाणी पुसलं नाही, नीट पसरवलं. सात-आठ सेकंद माझ्यासमोर नुसती पांढरी काच होती. मागून दादाने खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाशी बोलावं तसं शांतपणे सांगत राहिला, "सरळ. सरळ. जरा डावीकडे. आता ब्रेक."

पूल संपल्यावर बायको म्हणाली, "अहो, एक तर वायपर बदला, नाहीतर ड्रायव्हर."

वर्षभरातली ती तिसरी जोडी होती! आणि तीनही जोड्यांच्या खोक्यांवर 'दीर्घायुषी' असं छापलेलं. छापणाऱ्याला लाज नाही आणि विचारणारा कोणी नाही. मी ठरवलं, या वेळी नीट चौकशी करूनच पाती घ्यायची.

३

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे मालकीणबाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी गाडीचं मॉडेल सांगितलं.

"अजून आहे?" त्या म्हणाल्या.

"बाहेर उभी आहे."

"मग हूकवालं पातंच लागेल. हल्लीची क्लिपवाली तुमच्या दांड्याला बसायची नाहीत. आणि मध्ये काहीतरी जोडून बसवाल, तर जोराच्या वाऱ्यात उडून जातील. माप आणलंय?"

"ड्रायव्हरकडे वीस इंच, शेजारी अठरा."

"बघा! लोक अख्खी गाडी आणतात आणि माप विसरतात." त्यांनी काउंटरवर तीन पाकिटं मांडली. "हे साधं रबर, सहा महिने. हे ग्राफाइट चढवलेलं, आवाज कमी करतं, आठ-दहा महिने. आणि हे सिलिकॉन. उन्हात तडकत नाही. दोन वर्षं टिकतं म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? कोण म्हणतं?"

"खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावर काय वाटेल ते लिहितील. छापायला काय जातं?"

"साहेब, तुम्ही वकील का?"

"पत्रकार."

"अरे देवा," असं म्हणून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्या मला वाईट नव्हत्या वाटत. उलट त्यांनी खरी माहिती दिली. गाडी उन्हात उभी राहिली की पावसापेक्षा रबर लवकर मरतं. काचेवर तेलकट थर असेल तर उत्तम पातंही थरथरतं. आणि जुन्या गाडीत पुष्कळदा पात्याचा दोष नसतो, दांड्यातली स्प्रिंग ढिली पडलेली असते. हे सगळं मी लिहून घेत होतो तेव्हा मला काउंटरखालच्या उघड्या खणात चौथी जोडी दिसली. लोखंडी सांगाड्याची, हूकवाली, साध्या खाकी कागदात अर्धवट गुंडाळलेली. कागदावर काही छापलेलं नव्हतं, म्हणूनच मला ती बघावीशी वाटली.

"ती कुठली?"

"ती विकायची नाही. परत आलेला माल आहे."

"का परत आला?"

"गिऱ्हाईक म्हणालं, फार चांगलं पुसतात."

"चांगलं पुसतात म्हणून कोणी परत करतं?"

"मलाही नवल वाटलं. बदलून काही मागितलं नाही. ठेवली आणि गेला."

"किती वापरलेली?"

"चार वर्षं, म्हणाला."

मी पाती हातात घेतली. रबराच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कुठे चीर नाही, कुठे खाच नाही. वाकवलं तर नव्यासारखं परत सरळ झालं. कड अशी, की जणू आत्ताच पट्टीने कापली असावी. सांगाड्यावर गंज होता, चार वर्षांचा म्हणावा असाच. रबराला मात्र वय नव्हतं. नाकाजवळ नेलं तर वासही नव्हता, आणि रबराला वास असतोच. हे मला जरा खटकलं. पण चार वर्षं वापरून असं राहिलेलं पातं समोर असताना वासावरून कुरकुर कोण करणार?

"गॅरंटी नाही हं," मालकीणबाई म्हणाल्या.

"चार वर्षं हीच गॅरंटी," मी म्हणालो, आणि खूश होऊन घरी आलो.

४

त्यानंतरचे दहा दिवस आमचे फार चांगले गेले.

नव्या पात्यांनी पहिली फेरी मारली तेव्हा आवाजच झाला नाही. ना करकर, ना थरथर. पाणी नाहीसं व्हायचं, बस. बायको मुद्दाम म्हणायची, "चला, पाऊस पडतोय, एक चक्कर मारून येऊ." आम्ही तळ्याकाठच्या रस्त्याने जायचो, थर्मासमधली कॉफी प्यायचो, आणि काच इतकी स्वच्छ असायची की ती दर वेळी हात लावून बघायची.

"म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी लक्षात आलं की काचेवरचा ओरखडा गेलाय. मागच्या एका पात्याचं रबर फाटून सांगाड्याचं लोखंड काचेवर घासलं होतं, त्याची कमानीसारखी रेघ बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होती. ती आता नव्हती. नखाने चाचपून पाहिलं. काच सपाट. मी स्वतःला समजावलं, मऊ रबराने घासून घासून रेघ निघाली असेल. काच घासून रेघ काढायला काय लागतं ते मला माहीत होतं, पण समाधानी माणूस फार खोलात जात नाही.

सहाव्या दिवशी माझ्या जुन्या कचेरीचा पार्किंगचा स्टिकर गेला. शेजारच्या सीटसमोर, काचेला चिकटवलेला. तो काढायला मी एकदा ब्लेड, रॉकेल आणि शिव्या असं सगळं वापरलं होतं, तरी निघाला नव्हता.

"तू काढलास?" मी बायकोला विचारलं.

"कसला स्टिकर?"

"अगं, चौकोनी. लाल. अकरा वर्षं तुझ्या नाकासमोर होता."

"माझ्या नाकासमोर तुम्ही असता. दुसरं काय दिसणार?" ती हसली.

डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलं आहे. स्टिकरची सावली जिथे पडायची तिथे एक चौकोन अजूनही मूळच्या रंगाचा आहे. त्यावर मी हात ठेवला. आणि मला आठवलं की स्टिकर काचेच्या आतल्या बाजूला होता. वायपर बाहेर असतात.

५

आठव्या दिवशी, दुपारी. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये माझ्या जागेसमोर एक लोखंडी खांब होता. चार वर्षांपूर्वी म्हातारी त्यावर आदळली, तेव्हापासून बंपरला डाव्या बाजूला हाताएवढा पोचा आहे. त्या दुपारी मी काचेवर साबणाचं पाणी उडवलं आणि पाती कशी फिरतात ते बघत बसलो. फेस आला. पाती गेली आणि परत आली. फेस नव्हता. खांबही नव्हता.

मी उतरलो. जमिनीवर फरशी होती, सलग. तुटल्या-फुटल्याची खूण नाही, सिमेंटचा ठिपका नाही.

"वॉचमन, इथला खांब कुठे गेला?"

"कुठला खांब, साहेब?"

"लोखंडी. पिवळा रंग दिलेला."

त्याने माझ्याकडे आणि मग फरशीकडे प्रामाणिकपणे पाहिलं. "मी नऊ वर्षं आहे इथे. खांब असता तर तुम्ही आदळला असता की."

"आदळलोय! हा पोचा बघ!"

"हा होय," तो म्हणाला. "हा कसा झाला, ते आम्ही पण कधीपासून विचार करतोय."

मी वर गेलो, वही काढली आणि वेळेसकट सगळं लिहिलं. ओरखडा. स्टिकर. खांब. तिन्ही गोष्टी गेल्या होत्या, पण त्यांनी केलेलं काही ना काही मागे राहिलं होतं. खांब नाही, पोचा आहे. आणि या सगळ्याला साक्षीदार किती? एक. मीच. त्याचं वय चौसष्ट, वाचायचा चष्मा दोनदा हरवलेला.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. बातमी कितीही मोठी असो, एकाच माणसाच्या सांगण्यावर ती चालवायची नाही. दुसऱ्या ठिकाणाहून पुष्टी मिळेपर्यंत थांबायचं. या नियमाने मला जन्मभर वाचवलं. नव्या पोरांना मी तो दम देऊन शिकवला. इतर वेळी, रस्त्याने जाताना, पाती कितीदा तरी फिरली होती आणि काही झालं नव्हतं. निदान मला दिसलं नव्हतं. धावत्या गाडीतून कोण काय काय मोजणार? पाती काढून टाकावी असं त्या दुपारी मनात आलं होतं. पाना हातात घेतला होता. मग वाटलं, एका खांबासाठी, तोही फक्त मलाच आठवणाऱ्या, चांगली पाती टाकायची? दोन दिवसांनी पुलावरून जायचं होतं.

मी दुसऱ्या पुष्टीसाठी थांबलो.

६

दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. निघण्याआधी बायकोने सात कप्प्यांची गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली. रस्त्यात बरोबर आठला तिने एक गोळी पिवळी, दोन पांढऱ्या घेतल्या आणि तोंड वाकडं केलं. तिच्या मांडीवर तिची फाइल होती, निळी, कडा चिकटपट्टीने सांधलेली.

आठ वाजून अठरा मिनिटांनी थांब्यापाशी आलो. दादा उभा होता, अंगावर तोच करडा रेनकोट. मी गाडी थांबवली, सवयीने वायपर बंद केला. दादा मागच्या दाराकडे न जाता सरळ गाडीच्या पुढे आला, दोन्ही हात बॉनेटवर टेकले आणि काचेत डोकावला.

"पत्रकार, काच आहे की काढून टाकलीत?" त्याने ओरडून विचारलं.

"बस आधी, भिजशील," बायको खिडकीतून म्हणाली.

"थांब गं. जन्मात पहिल्यांदा यांनी काहीतरी कामाची वस्तू घेतलीय, बघू तर दे."

पाणी काचेवर जमत होतं. त्याचा चेहरा थेंबांमागे फुटत होता, जुळत होता. त्याने उजवा हात सरळ वर केला. लिफ्टचं काम करताना खालच्या माणसाने वरच्याला करायची ती खूण होती. वर हात म्हणजे, चालू कर.

त्या क्षणी मला खांब आठवला. हे मी लपवणार नाही. आठवला, आणि मी मनात म्हणालो, हा मूर्खपणा आहे. मग स्टीअरिंगखालची दांडी मी खाली केली. दुसऱ्या कोणी नाही.

पाती गेली. पाती परत आली. आवाज नाही.

समोर रस्ता होता, पूल होता, पावसाच्या रेघा होत्या.

कुठल्याही काचेचे वरचे कोपरे वायपरला पोचत नाहीत. पात्यांची कमान जिथे संपते तिथे एक तिरका तुकडा ओलाच राहतो. त्या तुकड्यात, वर, डावीकडे, थेंबांमागे हात होता. मनगटापासून वर. कमानीच्या रेघेवर बरोबर कापल्यासारखा, खाली काही नाही. बोटं ताठ होती. दोन-तीन सेकंद तो हात तसाच राहिला, अजून खूण करत. मग दमलेला माणूस हात खाली घेतो तसा तो हळूहळू खाली यायला लागला, आणि जसजसा रेघेच्या खाली उतरला तसतसा दिसेनासा झाला. शेवटी बोटांची टोकं होती.

मी दांडी वर केली. पाती थांबली.

दुसरी पुष्टी मिळाली होती.

७

"का थांबलात इथे?" बायकोने विचारलं.

मी दार उघडून बाहेर पडलो होतो. गाडीखाली पाहिलं. थांब्यामागे पाहिलं. कठड्यावरून खाली पाहिलं. बॉनेटवर, पाण्याच्या थेंबांमध्ये, दोन कोरड्या जागा होत्या, तळहाताएवढ्या. माझ्या डोळ्यांदेखत पावसाने त्या भरून काढल्या.

"अहो, भिजताय कशाला? कोणाला शोधताय?"

"दादाला!"

"कुठल्या दादाला?"

"तुझ्या! तुझ्या भावाला!"

ती खिडकीतून माझ्याकडे बघून खुदकन हसली. "एवढी वर्षं संसार केलात, आणि बायको एकुलती एक आहे हे आज विसरलात? चला आत. म्हणूनच म्हणते, बीपी वेळेवर तपासायला हवं. डॉक्टर दहानंतर भेटत नाहीत."

तिच्या मांडीवर फाइल होती. निळी, कडा सांधलेली. वर माझं नाव होतं.

मी तिची पर्स मागितली. तिने दिली. रुमाल, चाव्या, लिमलेटच्या गोळ्या. सात कप्प्यांची डबी नव्हती.

ती बडबडत होती, पाऊस किती छान आहे, परतताना तळ्याकाठी थांबू या. तिचा चेहरा मी नीट पाहिला. डोळ्यांखालची सूज गेली होती. अकरा वर्षांत मी तिला इतकी ताजीतवानी पाहिली नव्हती. मी शपथेवर सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. तो क्षण मी स्वतःला माफ केलेला नाही.

वायपर बंद ठेवून, डोकं खिडकीबाहेर काढून मी गाडी परत वळवली. वेग दहाचा. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मागच्या सीटवरून कोणी 'सरळ, सरळ' म्हणत नव्हतं.

८

घरी पोचताच पाती उपटली. वहीतली दादाबद्दलची प्रत्येक ओळ काढून पाहिली. ओळी आहेत, अक्षर माझं आहे, पण मध्ये मध्ये एका शब्दाएवढी जागा मोकळी आहे. 'आठ वाजता थांब्यावर' आणि पुढे जागा, आणि मग 'उभा होता'. खोडलेलं नाही. कागद जसाच्या तसा.

पोलीस चौकीचं सांगितलंच. तिथून मी वळणावरच्या त्याच्या फ्लॅटवर गेलो. दार एका बाईंनी उघडलं. एकोणीस वर्षं त्या तिथे राहतात, वीजबिल दाखवलं. सभ्य बाई. निघताना मी म्हणालो, "तुमची बेल वेगळीच आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या. "लिफ्ट आल्यासारखी वाजते. कोणी बसवली देव जाणे. आम्ही आलो तेव्हापासून आहे."

दुकानातल्या मालकीणबाईंनी बिलाची नक्कल काढून दाखवली. खाकी कागदातली जोडी परत कोणी केली, हे त्यांना आता आठवत नव्हतं. दहा दिवसांपूर्वी आठवत होतं.

पण हे सगळं मी दिवसा करत होतो. संध्याकाळी मी घड्याळाकडे बघत बसायचो. आठ वाजायचे. बायको टीव्हीसमोर टोस्ट खात असायची. साडेआठ व्हायचे. नऊ. कुठलीही गोळी नाही. माझं गणित साधं होतं. खांब गेला तरी पोचा राहिला. मग दादा गेला तरी त्याची किडनी तिच्या पोटात असणार. ती असेल, तर गोळ्यांशिवाय शरीर तिला नाकारणार. आणि नसेल, तर मग तिच्याकडे होतं तरी काय?

तिसऱ्या दिवशी मी गोळ्यांची नावं आठवून औषधाच्या दुकानात गेलो.

"चिठ्ठी?" औषधवाल्याने विचारलं.

"चिठ्ठी नाही. अकरा वर्षं तुमच्याकडूनच नेतोय."

"काका, ही किडनी बदललेल्या पेशंटची औषधं आहेत. धडधाकट माणसाला दिलीत तर साध्या सर्दीने जाईल." त्याने आवाज खाली आणला. "घरी कोणाला झालंय का?"

 मंत्र्यांना उत्तरं द्यायला लावणारा मी, हात हलवत दुकानातून परत आलो.

शेवटी मी बायकोसमोर हात जोडले. "एकदा पोटाची सोनोग्राफी करून घे. माझ्यासाठी."

"बीपी तुमचं, आणि तपासणी माझी?"

"हो."

तिने माझा चेहरा पाहिला आणि थट्टा थांबवली. "बरं," ती म्हणाली. "पण परतताना कॉफी."

९

ती ठणठणीत आहे. हे आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. गोळी एकही नाही, तरी रक्ताचे सगळे आकडे उत्तम. तिचं वजन चार किलोने वाढलंय, ती पुन्हा बाहेरचं खाते, सकाळी तळ्याला फेरी मारते आणि मला मागे टाकते. आमचं बरं चाललंय. खरोखर बरं चाललंय.

वायपरबद्दल अजून लोक विचारतात, कारण मी चौकशी करत फिरत होतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना मी सांगतो, साधं रबर घ्या. सहा महिन्यांत झिजतं, काचेवर दोन रेघा ठेवतं, जोराच्या पावसात करकरतं. मी तेच लावलंय. ती करकर ऐकली की मला बरं वाटतं. खाकी कागदातली जोडी कुठे ठेवली आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

सोनोग्राफी पुलापलीकडच्या त्याच रुग्णालयात झाली; करणाऱ्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. पडद्याकडे बघता बघता त्या थांबल्या, यंत्र पुन्हा पोटाच्या उजव्या बाजूला खाली आणलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हाला तीन किडन्या आहेत!"

"तीन?" बायको खूश झाली. "एक यांना द्या, रात्री सारखे उठतात."

दोन किडन्या जागच्या जागी होत्या, सुकलेल्या, अक्रोडाएवढ्या. तिसरी खाली, ओटीपोटात, सगळं काम करत होती. जन्मजात असावी, लाखात एखाद्याला असते, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. बायकोच्या पोटावर तिथेच एक वीतभर व्रण आहे. तो लहानपणी पडल्याचा, असं ती सांगते. कुठून पडली, ते तिला आठवत नाही.

मी सीटी स्कॅनचा आग्रह धरला. स्कॅन झाला. डॉक्टरीण बाईंनी तो एकदा पाहिला, मग वरिष्ठांना बोलावलं, मग तिसऱ्या कोणाला. कोणी जन्मजात हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. मला त्यांनी एकट्याला आत बोलावलं आणि विचारलं, काकूंचं ऑपरेशन कुठे झालं होतं? मी म्हणालो, इथेच, याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी रेकॉर्ड काढलं.

शस्त्रक्रिया विभागाने मला लेखी कळवलं आहे की सदर महिलेवर या रुग्णालयात कधीही, कोणतीही शस्त्रक्रिया झाल्याची नोंद नाही. ऊतींच्या तपासणीचा अहवालही माझ्याकडे आहे. त्यात म्हटलं आहे की तिसरी किडनी तिची नाही, सख्ख्या भावंडाची असावी इतकी जुळते. आणि सीटी स्कॅनवर, त्या किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी, धातूच्या चार क्लिपा स्पष्ट दिसतात.

त्या क्लिपा कोणी लावल्या, असं विचारणारं माझं तिसरं पत्र रुग्णालयाला गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळालं. पोचपावतीवर शिक्का आहे. उत्तर आलेलं नाही.